होळकरांच्या घरचे तरुण

खराडी हें एके काळीं हवेली तालुक्यांतील नगर रस्त्यावरचें खेडें. आज तें पुणें शहरांत मिसळलें असून तेथें संगणक-व्यवसायाच्या उंच इमारती उभ्या आहेत. दक्षिणेस मुळा-मुठा, पलतीरीं मुंढवें, आणि त्याच्याही पलीकडे हडपसर. २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, ऐन दिवाळींत, हडपसरच्या माळावर तोफा धडाडल्या, तेव्हां तो आवाज नदी ओलांडून खराडीच्या शिवारांत खचित पोहोंचला असेल.

एकीकडे पेशवे व दौलतराव शिंदे यांच्या फौजा, दुसरीकडे यशवंतराव होळकर. बाजीराव २७ वर्षांचा, यशवंतरावास २६ वें वर्षही पुरें झालें नव्हतें, आणि दौलतराव त्याहूनही लहान! यशवंतरावाचा एक भाऊ मल्हारराव १७९७ सालीं शिंद्यांच्या फौजेनें पुण्यांत मारला होता. दुसऱ्यास, विठोजीस, १८०१ सालीं पेशव्यांनीं हत्तीच्या पायीं दिलें. यशवंतराव त्या दिवशीं स्वतः घोडदळाच्या अग्रभागीं घुसला. त्याच्या पदरचा हार्डिंग नांवाचा इंग्रज अधिकारी पडला, पण लढाई जिंकली. बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईस इंग्रजांशीं तह करून बसला. मराठ्यांनीं मराठ्यांस मारावें आणि लाभ तिसऱ्यानें घ्यावा, याचें याहून कडू उदाहरण शोधावें लागणार नाहीं.

अकाली मरण या घराण्यास नवें नव्हतें. अहिल्याबाईंचे पति खंडेराव १७५४ सालीं कुंभेरीच्या वेढ्यांत तोफेच्या गोळ्यानें पडले. पुत्र मालेराव सुभेदारी मिळाल्यावर वर्षभरांतच, १७६७ सालीं, ऐन विशींत गेला.

१८०५ च्या अखेरीस इंग्रजांशीं तह झाल्यावर यशवंतराव भानपुऱ्यास नव्या तोफा ओतवूं लागला. रात्रंदिवस भट्टीपाशीं उभा राही आणि त्याचबरोबर मद्यही वाढत गेलें. चेरी व रास्पबेरी ब्रँडी तो मुंबईच्या दुकानांतून मागवीत असे, असें माल्कमनें नमूद केलें आहे. १८०८ सालीं बुद्धिभ्रंश झाला. पुढें त्यास बांधून ठेवावें लागे. २८ ऑक्टोबर १८११ रोजीं, पस्तिशी गांठण्यापूर्वींच, तो वारला.

दोष ब्रँडीवर ढकलणें सोपें आहे. परंतु दोन भावांचे खून पाहिलेला, भाऊ काशीराव व पुतण्या खंडेराव यांच्या मृत्यूचा ठपका स्वतःवर ओढवून घेतलेला हा माणूस; त्यास शांततेंत बसणें कसें जमावें? मद्य हें त्याच्या लढाईचेंच शेपूट होतें.

मागें राहिला मुलगा मल्हारराव. २० डिसेंबर १८१७ रोजीं होळकरांच्याच लष्करांतील लोकांनीं कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईस क्षिप्रेच्या कांठीं ठार केलें. दुसऱ्या दिवशीं महिदपूरच्या रणावर इंग्रजांच्या तोफांसमोर, फौजेचा धनी म्हणून, हें अकरा वर्षांचें पोर उभें होतें. ६ जानेवारी १८१८ ला मंदसोरचा तह झाला. १८३३ सालीं मल्हाररावही गेला. तिशी त्यासही दिसली नाहीं.