सूत्र, दृष्टांत आणि सकळ लिपी

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे आद्य स्थान. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांचे वास्तव्य याच गावी होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेकडे, निघून गेल्यावर नागदेवाचार्य व इतर शिष्य इथे एकत्र आले आणि स्वामींचे बोलणे आठवून लिहून ठेवण्याचे काम सुरू झाले. थोडक्यात लिहावे की उलगडून लिहावे, हा प्रश्न मराठी गद्याच्या आरंभीच असा समोर आला.

पहिले काम म्हाइंभटांचे. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले-ऐकले, त्यांना गाठून, विचारून त्यांनी 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. त्यात गाव, माणूस, प्रसंग सगळे येते. पुढे नागदेवाचार्यांचे शिष्य केसोबास यांनी त्यातली चक्रधरांची वचने वेचून ‘सूत्रपाठ’ लावला. सूत्र म्हणजे मोजके शब्द, कधी दोन-तीनच. पाठ करायला सोपे आणि रोजच्या स्मरणाला सोयीचे. पण ते कोणाला, कुठे आणि कशावरून म्हटले, हे वेचताना मागे राहते.

ही उणीव भरून काढणारी मांडणी केसोबासांच्याच ‘दृष्टांतपाठा’त आहे. त्यात 114 दृष्टांत आहेत आणि प्रत्येकाचे तीन भाग: आधी सूत्र, मग दृष्टांत, शेवटी दार्ष्टांतिक. हत्तीचा दृष्टांत घ्यावा. जन्मांध माणसे हत्तीला चाचपतात. पाय हाती लागलेल्याला तो खांबासारखा वाटतो, कान धरणाऱ्याला सुपासारखा. गोष्ट इतकी घरगुती की खेड्यातल्या कोणालाही कळावी. ती संपली की दार्ष्टांतिक तिचा धागा पुन्हा सूत्राशी बांधून देते. सूत्राचा एक शब्दही वाढवलेला नाही, उकल त्याच्या शेजारी ठेवली आहे. केसोबासांची खरी कमाई हीच.

प्रोग्रामिंगचा सराव करणाऱ्या विद्यार्थ्यापुढचा पेच याच जातीचा असतो. पाच ओळींचे लूप एका ओळीत बसवता येते आणि तसे बसवल्याचा आनंदही खरा असतो. पण महिन्याभराने तीच ओळ उघडली की ‘क्ष’मध्ये काय ठेवले होते, हे लिहिणाऱ्यालाच आठवत नाही. चलाला ‘एकूण गुण’ असे नाव दिले आणि वर एक नमुना उदाहरण लिहून ठेवले, तर ओळ आखूड राहूनही वाचता येते. प्रोग्राम आधी माणसाला समजावा म्हणून लिहावा, हा विचार डोनाल्ड नूथ यांनी 1984 मध्ये मांडला.

वाचणारा कोण, याचे भान नागदेवाचार्यांना पुरेपूर होते. केसोबास संस्कृतात रचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृत न येणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या साधक स्त्रिया त्याला मुकतील, ही त्यांची काळजी ‘स्मृतिस्थळ’ या ग्रंथात नोंदलेली आहे.

सूत्रे मात्र पुढच्या पिढ्यांना अवघड जाऊ लागली. मग पंथात भाष्यांची परंपरा उभी राहिली. ‘प्रकरणवश’ या ग्रंथात कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निघाले ते सांगितले. ‘लक्षणबंद’, ‘आचारबंद’ आणि स्थळग्रंथांनी अर्थ लावला. संस्कृत व्याकरणकार पाणिनीच्या सुमारे 4,000 सूत्रांचेही असेच झाले. मागच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात गृहीत धरण्याची त्याची युक्ती विलक्षण काटकसरीची आहे, पण कात्यायनाची वार्तिके आणि पतंजलीचे महाभाष्य यांच्याशिवाय ती सूत्रे सामान्य अभ्यासकाला झेपत नाहीत.

चौदाव्या शतकात महानुभावांनी नेमके उलटे पाऊल उचलले. ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले. रवळोबासांची सकळ लिपी त्यांत सर्वांत रूढ. शिवाय सुंदरी, वज्र, अंक अशा आणखीही लिप्या होत्या. पोथ्यांचे पावित्र्य आणि पाठ यांचे रक्षण व्हावे, हा हेतू समजण्याजोगा होता. त्याची किंमतही मोठी होती. ज्यांच्यासाठी नागदेवाचार्यांनी मराठीचा आग्रह धरला, त्या मराठी वाचकांनाच हे गद्य शतकानुशतके बंद राहिले.

विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची उकल केली. त्यानंतर यवतमाळचे य. खु. देशपांडे आणि नागपूरचे ह. ना. नेने यांनी हे वाङ्मय लोकांसमोर आणले. वऱ्हाडातच जन्मलेल्या वि. भि. कोलते यांनी संपादित केलेले ‘लीळाचरित्र’ 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. ते नागरीत असल्याने सूत्र एका हाती आणि त्याचा मूळ प्रसंग दुसऱ्या हाती धरून आता कोणालाही वाचता येते.