न्यायोपार्जित द्रव्याचा विनियोग : ब्रह्मचारी जीवराजजी दोशी यांचे निवृत्त जीवन

नोकरदाराच्या निवृत्तीची तारीख दप्तरी नोंदलेली असते. व्यापाऱ्याची तारीख त्याची त्यालाच ठरवावी लागते. मुले कर्ती झाली, नातवंडे शाळेत जाऊ लागली, तरी तिजोरीची किल्ली कंबरेला आणि नजर गल्ल्यावर, असे चित्र आपल्या समाजात काही नवे नाही. मात्र जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार फार पूर्वीच करून ठेवला आहे.

उपासकदशांग या आगमग्रंथातील आनंद श्रावकाची कथा सर्वश्रुत आहे. वाणिज्यग्रामच्या या गाथापतीजवळ बारा कोटी सुवर्णमुद्रा होत्या. चार कोटी ठेवीत, चार कोटी व्यापारात व चार कोटी घरसंसारात, अशी त्याची विभागणी होती. भगवान महावीरांजवळ त्याने श्रावकाची बारा व्रते घेतली व परिग्रहाची मर्यादा बांधली. त्याला कुटुंबाची ‘मेढी’ म्हटले आहे. खळ्यावर मळणीचे बैल जिच्याभोवती फिरतात, ती मेढ आपल्या भागातील शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. चौदा वर्षे व्रते पाळल्यानंतर, पंधराव्या वर्षी, आनंदाने आप्तस्वकीयांना भोजनास बोलावले, सर्वांसमक्ष थोरल्या पुत्रावर कुटुंबाचा भार सोपविला आणि स्वतः कोल्लाग येथील पौषधशाळेत जाऊन धर्माराधना केली. मेढ हलली, पण मळणी थांबली नाही; कारण दुसरी मेढ रोवल्याखेरीज तो निघाला नाही.

दिगंबर परंपरेतही श्रावकाच्या अकरा प्रतिमा सांगितल्या आहेत. त्यांपैकी सातवी ब्रह्मचर्याची, आठवी आरंभत्यागाची, म्हणजे उद्योगधंदा सोडण्याची, आणि नववी परिग्रहत्यागाची. धंदा सोडणे ही एक पायरी व संपत्तीवरील स्वामित्व सोडणे ही त्यापुढील पायरी, असा हा सूक्ष्म क्रम आहे. पहिली पायरी चढलेले पुष्कळ आढळतात. दुसरीवर पाऊल ठेवणारे विरळा.

अशा विरळा पुरुषांपैकी एक म्हणजे सोलापूरचे ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी. पंथ कोणताही असो, त्यांचे चरित्र प्रत्येक जैन व्यापारी कुटुंबाने ध्यानी घ्यावे असे आहे. शिवाय त्यातील सर्वांत महत्त्वाची घटना आपल्याच नाशिक जिल्ह्यात घडली.

जीवराजजी कित्येक वर्षे संसारातून उदासीन होऊन धर्मकार्यात रमले होते. 1940 साली त्यांच्या मनाने घेतले की, न्यायाने मिळविलेली आपली संपत्ती धर्म व समाज यांच्या उन्नतीसाठी लावावी. येथवरची गोष्ट अनेक दानशूरांच्या बाबतीत सांगता येईल. जीवराजजींचे वेगळेपण पुढे आहे. दान कोठे द्यावे हे त्यांनी एकट्याने ठरविले नाही. ते भारतभर फिरले, जैन विद्वानांना भेटले, आणि संपत्तीचा विनियोग कोणत्या कार्यात व्हावा याविषयी त्यांची मते तोंडी व लेखी गोळा केली. माल घेताना चार पेढ्यांवर भाव विचारणारा व्यापारी दान देताना मात्र सहसा कोणास विचारत नाही. जीवराजजींनी दानातही तीच चौकसबुद्धी वापरली.

मते जमल्यानंतर 1941 च्या उन्हाळ्यात त्यांनी नाशिकजवळील म्हसरूळच्या सिद्धक्षेत्र श्री गजपंथ येथे विद्वानांना निमंत्रित केले. सात बलभद्रांची निर्वाणभूमी म्हणून हे क्षेत्र पूज्य आहे. त्या पावन भूमीवर साधकबाधक चर्चा झाली व तिचे फलित म्हणून ‘जैन संस्कृति संरक्षक संघ’ स्थापन झाला. जैन संस्कृती व साहित्य यांच्या सर्व अंगांचे रक्षण, उद्धार व प्रसार हा त्याचा हेतू. त्यासाठी जीवराजजींनी 30,000 रुपयांचे दान जाहीर केले.

पुढील काळ महायुद्धाचा होता. कापडाची टंचाई एवढी वाढली की 1943 साली सरकारला कापड व सूत नियंत्रण आदेश काढावा लागला. साठेबाजी व काळाबाजार हे शब्द घरोघरी पोहोचले आणि भल्याभल्यांची नियत कसोटीला लागली. याच काळात, 1944 साली, जीवराजजींनी आपली सुमारे दोन लाख रुपयांची संपूर्ण संपत्ती ट्रस्टरूपाने संघाला अर्पण केली. तीस हजारांचे दान आणि सर्वस्वाचे दान यांत केवळ रकमेचा फरक नाही. पहिल्यात दाता धनी राहतो. दुसऱ्यात तो धनी उरत नाही.

या धनातून काय उभे राहिले? संघाने ‘जीवराज जैन ग्रंथमाला’ चालविली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातील डॉ. आ. ने. उपाध्ये आणि विदर्भातील डॉ. हिरालाल जैन या दोन थोर विद्वानांनी तिचे संपादन केले. यतिवृषभाचार्यांच्या ‘तिलोयपण्णत्ति’ या प्राकृत ग्रंथाचा पहिला भाग 1943 मध्ये व दुसरा 1951 मध्ये निघाला. 1949 मध्ये आसामचे विद्वान कृष्णकांत हंदिकी यांचा ‘यशस्तिलक’वरील इंग्रजी ग्रंथ आला. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’ 1963 मध्ये हिंदी अनुवादासह प्रसिद्ध झाला. मराठी ग्रंथांनाही मालेत स्थान मिळाले. भांडारांत बस्त्यात बांधून ठेवलेल्या पोथ्या अशा रीतीने शुद्ध पाठासह अभ्यासकांच्या हाती आल्या. मंदिराचा जीर्णोद्धार डोळ्यांना दिसतो; शास्त्राचा जीर्णोद्धार वाचणाऱ्यालाच कळतो. तो दुसरा मार्ग जीवराजजींनी पत्करला.

16 जानेवारी 1957 रोजी, पौष पौर्णिमेस, त्यांनी समाधिमरण साधले. ‘गणितसारसंग्रह’ त्यानंतर सहा वर्षांनी निघाला. दात्याच्या पश्चातही कार्य चालावे याकरिताच ट्रस्ट असतो, याचे याहून चांगले उदाहरण कोणते?

सुरगाणा हे 1948 पर्यंत छोटे संस्थान होते. डोंगराळ, आदिवासीबहुल आणि गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या अशा मुलखात व्यापाऱ्याची पत ही त्याच्या मापावर आणि शब्दावर ठरते. तीच पत संस्थेलाही लागते. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने हिशेब, तपासणी व नोंदणी यांचे बंधन घातले, हे योग्यच झाले. परंतु विश्वस्त या शब्दातील विश्वास कायद्याने निर्माण होत नाही. तो देणाऱ्याच्या निर्मळपणातून व सांभाळणाऱ्याच्या प्रामाणिकपणातून येतो.

सुवर्णमहोत्सव हा मागील पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडण्याचा प्रसंग असतो. जमेच्या बाजूला वास्तू, निधी व उत्सव अवश्य लिहावेत. त्याबरोबर समाजातील ज्येष्ठ व्यापारी बंधूंनी आनंद श्रावकाप्रमाणे वेळेवर किल्ली पुढच्या हाती द्यावी, जीवराजजींप्रमाणे विचारून दान करावे, आणि हाती उरलेला वेळ कुटुंबाच्या संस्कारांसाठी व संघाच्या सेवेसाठी खर्च करावा. ही जमा पुढील पन्नास वर्षांच्या खात्यावर आरंभीची शिल्लक म्हणून ओढता येईल.

जय जिनेंद्र!