भरून घेतलेल्या कॅसेटी



पर्युषणाआधी कपाट आवरताना सासूबाईंच्या कॅसेटींची पिशवी सापडली. बहुतेक 'भरून घेतलेल्या'. सायखेड्यात बाजारातल्या एका दुकानात कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर यादी दिली, की दोन दिवसांत स्तवनं, भजनं, सिनेमातली गाणी सगळं एकत्र भरून मिळायचं. त्यात काही चुकतंय असं घरात कुणाला वाटलं नाही.

रेकॉर्डच्या काळी हे शक्यच नव्हतं. तबकडी काढायला कारखाना लागे, आणि बाजार बराचसा एचएमव्हीच्या हातात होता. १९८० नंतर कॅसेट पसरली. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्यांचा आवाज खेडोपाडी पोचला तो तिच्यामुळेच. आणि दोन टेप जोडले की नक्कलही तयार! म्हणून १९८४ साली कॉपीराइट कायदा कडक झाला. कॅसेटवर बनवणाऱ्याचं व हक्कदाराचं नाव-पत्ता आणि वर्ष छापणं सक्तीचं झालं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत गेली. आमच्या कॅसेटींवर आहे फक्त सासऱ्यांच्या अक्षरातलं 'स्तवन २'.

पण सगळा दोष नकलांवर ढकलता येत नाही. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला बहुधा एकदाच ठरलेले पैसे मिळत. कॅसेट अस्सल खपली तरी त्याच्या हाती पुढे काही येईलच असं नव्हतं. सिनेमाच्या गाण्यांवर निर्मात्याचाच हक्क, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये म्हटलं होतं. कलाकाराचा स्वतंत्र हक्क कायद्यात आला १९९४ च्या दुरुस्तीने, आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा पक्का झाला थेट २०१२ मध्ये. तोवर कॅसेटच संपली होती.

प्रतिक्रमणात तिसऱ्या अणुव्रताचे पाच अतिचार आपण दरवेळी म्हणतो. त्यातला 'तेनाहडे' म्हणजे चोरीचा माल घेणं, आणि 'तप्पडिरूवगववहारे' म्हणजे अस्सल सांगून नक्कल खपवणं. पहिला आमचा, दुसरा दुकानदाराचा, असं मी सासूबाईंना म्हटलं. त्या म्हणाल्या, "अगं, तेव्हा अस्सल इथे मिळत तरी होती का?" खरं आहे. स्तवनांची कॅसेट घ्यायला नाशिक गाठावं लागे.

'स्तवन २' लावून पाहिली. टेप घरघरते, पण बाईंचा आवाज स्पष्ट आहे, मागे पेटी आणि तबला. सासूबाई त्यांच्याबरोबर शब्द न शब्द म्हणाल्या. नाव विचारलं, तर ते त्यांना कधीच ठाऊक नव्हतं. संवत्सरीला 'मिच्छामि दुक्कडं' म्हणायच्या माणसांची यादी मी करते, त्यात यंदा एक ओळ कोरी ठेवली आहे.