तमालपत्राचे झाड कोणी पाहिले?

मसालेभातातले तमालपत्र आपण जेवताना ताटाच्या कडेला काढून ठेवतो. कितीही शिजले तरी ते मऊ होत नाही, दाताखाली आले तर टोचते. त्याचे काम फोडणीच्या तेलातच उरकलेले असते. पण हेच पान एके काळी रोमच्या बाजारात मोलाने विकले जाई. आणि मौज अशी, की घेणाऱ्यांपैकी कोणी त्याचे झाड पाहिलेले नव्हते.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' हे समुद्रव्यापाराचे पुस्तक लिहिले. शिक्षक मंडळींना ते ठाऊक असेल, कारण आपले कल्याण, पैठण आणि तेर त्यात येतात. केरळातल्या मुझिरिस बंदरात 'मलाबाथ्रम' जहाजावर चढे, असे तो सांगतो. हे आपले तमालपत्रच. ग्रीक भाषेत 'ता' हे अनेकवचनी नामामागे लागणारे उपपद आहे. तमालपत्रातला 'त' त्या लोकांना उपपदच वाटला, त्यांनी तो तोडून टाकला आणि उरले ते मलाबाथ्रम, असे विद्वान मानतात.

पुस्तकाच्या शेवटी तर एक सुरेख हकीकत आहे. चीनच्या सरहद्दीवर ठेंगणे, रुंद चेहऱ्याचे लोक बायकामुलांसह पाट्या घेऊन येतात, काही दिवस उत्सव करतात, आणि अंथरलेले सारे तिथेच टाकून घरी परततात. मग टपून बसलेले दुसरे लोक ते गोळा करतात आणि पानांचे गोळे बांधतात. मोठ्या पानांचा, मध्यम पानांचा, लहान पानांचा, अशा तीन प्रती. लेखकाने हे ऐकूनच लिहिले असावे. पण पान ईशान्येकडच्या डोंगरातून येते हा रोख बरोबर होता. आजही मेघालयाच्या खासी-जैंतिया टेकड्यांत आणि हिमालयाच्या पायथ्याशी ते होते.

रोमन लोक त्याचे सुगंधी तेल काढीत. शिंपल्यांच्या कालवणातही ते घालीत. डायोस्कोरिडीस हा ग्रीक वैद्य सांगतो, की जिभेखाली धरले तर तोंडाला सुवास येतो, कपड्यांत ठेवले तर कसर लागत नाही. इथवर ठीक. पण पुढे तो म्हणतो, की हे पान हिंदुस्थानातल्या दलदलीत मुळाशिवाय पाण्यावर तरंगते! हे तरंगणे युरोपच्या वैद्यकग्रंथांत शतकानुशतके चालू राहिले. ते खोडले गोव्यात. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये इकडे आला. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात त्याने सांगितले, की हे झाडाचे पान आहे, आणि इथले लोक त्याला तमालपत्र म्हणतात, त्याचाच अपभ्रंश मलाबाथ्रम.

आपल्या वैद्यांना हा घोळ कधी पडला नाही. दालचिनी, वेलदोडा आणि हे पान मिळून त्रिजात. नागकेशर घातले की चातुर्जात. च्यवनप्राशात चारही पडतात. पान उष्ण, भूक वाढवणारे, कफ आणि वात कमी करणारे, असे ते मानतात.

घोटाळा आज पुन्हा होतो आहे, तो 'बे लीफ' या इंग्रजी नावामुळे. ते नाव मुळात भूमध्य समुद्राकाठच्या लॉरेल झाडाच्या पानाचे. तमालपत्र हे दालचिनीच्या भावकीतले. उजेडाकडे धरून बघा: तमालपत्रावर देठापासून टोकाकडे तीन शिरा उभ्या जातात, लॉरेलला मधली एकच. वासही निराळा. 2009 मध्ये पाकिस्तानातल्या एका चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: 40 मधुमेही रुग्णांपैकी बहुतेकांना 30 दिवस बे लीफची पूड दिली आणि रक्तातली साखर उतरली. लगेच 'तमालपत्राने मधुमेह जातो' असे लोक सांगू लागले. पण ते पान लॉरेलचे होते! शिवाय माणसे चाळीस आणि मुदत एक महिना. तेवढ्या आधारावर डॉक्टरांची गोळी थांबवून तमालपत्राचा काढा सुरू करू नये. फोडणीत मात्र खुशाल घाला.