कडी, मणी आणि माणसाचा गळा

इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि शिलालेख डोळ्यांपुढे येतात; गळ्यातील माळेकडे इतिहासाचे साधन म्हणून सहसा कोणी पाहत नाही. परंतु ज्यांच्या गळ्यात काय असावे आणि काय असू नये हे शतकानुशतके इतरांनी ठरविले, त्यांनी तरी या साध्या वस्तूचा इतिहास तपासला पाहिजे, असे आम्हांस वाटते. हाताने घडविलेल्या मण्यांची माळ भीमेच्या खोऱ्यात तीन हजार वर्षांहून अधिक काळ आहे, आणि तिचा पुरावा शिरूर-दौंडच्या मातीतच मिळतो.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात येथे उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झेड. डी. अन्सारी या संशोधकांनी इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील शेतकऱ्यांची वस्ती येथे उजेडात आणली. घोड पुढे भीमेस मिळते. त्याच भीमेच्या खोऱ्यात दौंड तालुक्यातील वाळकी येथेही ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष सापडले. इनामगावच्या मातीत तांबड्या अकीकाचे, भाजलेल्या मातीचे, शंखाचे, तांब्याचे आणि सोन्याचे मणी मिळाले. घोडेच्याच वरच्या अंगाला असलेल्या चांडोली येथे तांब्याचे मणी जवसाच्या तंतूंच्या दोऱ्यात ओवलेले आढळले. नेवासे येथे पुरलेल्या एका मुलाच्या गळ्यातही तांब्याच्या मण्यांची माळ होती. तिच्या दोऱ्यात रेशीम आणि कापूस असे दोन्ही तंतू होते. एरवी दोरा मातीत कुजून जातो; येथे तांब्याच्या क्षारांनी त्याचे रक्षण केले. मेलेल्या लेकराच्या गळ्यात कोणीतरी ही माळ राहू दिली होती. त्या माळेत माया होती. कोणाची जात सांगण्याचे काम तिच्याकडे नव्हते.

इनामगावात आणखी एक गोष्ट दिसून आली. मोठ्या घरांचे कुटुंबप्रमुख वस्तीच्या मध्यभागी राहत, तर कुंभार, सोनार, हस्तिदंताचे काम करणारे अशा कारागिरांची घरे पश्चिमेच्या कडेला होती. हे वाचून कोणी म्हणेल की अस्पृश्यता तेव्हापासूनच आहे. तसा निष्कर्ष काढणे चूक होय. कडेला राहणे आणि अस्पृश्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नेमका हाच भेद केला आणि अस्पृश्यतेचा उदय इ. स. ४०० च्या सुमाराचा मानला. ज्या गोष्टीस आरंभ आहे तिला अंतही असतो, हे त्या विवेचनाचे मर्म आहे.

काचेचा मणी सर्वत्र रुळला तो सातवाहनकाळात. तप्त काचेची पोकळ नळी लांब ओढायची, थंड झाल्यावर तिचे बारीक तुकडे करायचे आणि पुन्हा उष्णता देऊन त्यांच्या कडा गोल करायच्या, अशी ती कृती. नेवासे, तेर, पैठण, कोल्हापूर येथील उत्खननांत असे काचमणी विपुल मिळाले आहेत. हाच जुन्नर, कार्ले आणि कान्हेरी येथील लेण्यांचा काळ. जुन्नरच्या लेखांत कासारांच्या आणि बुरुडांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. कान्हेरीच्या एका लेखात सोपाऱ्याच्या मणिकाराचे दान नोंदले आहे. धातू ठोकणारा आणि मणी घडविणारा यांची ओळख बौद्ध लेण्यांच्या भिंतीवर सन्मानाने कोरली गेली. पिप्राहवा येथील स्तूपात १८९८ साली तथागतांच्या अस्थींसोबत जी रत्ने मिळाली, त्यांतही तांबड्या अकीकाचे मणी आहेत. २०२५ साली त्यांतील काही रत्नांचा हाँगकाँगमध्ये होणारा लिलाव भारत सरकारच्या हरकतीमुळे थांबला आणि जुलै महिन्यात ती भारतात परत आली.

पुढे धम्माचा ऱ्हास झाला आणि गळ्याचा इतिहास बदलला. पेशवाईत अस्पृश्याच्या गळ्यात थुंकीसाठी मडके आणि ओळखीसाठी मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा असे, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिभेद निर्मूलना’त नोंदविले आहे. त्याच ग्रंथात इंदूर भागातील बलाई स्त्रियांना सोन्याचांदीचे दागिने घालण्यास सवर्णांनी १९२८ साली केलेली मनाईही आहे. म्हणजे काय घालावे यावर सक्ती आणि काय घालू नये यावरही सक्ती.

१ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब शिरूर तालुक्यातील कोरेगाव भीमाच्या स्तंभास मानवंदना देण्यास आले. त्याच वर्षी डिसेंबरात महाड येथे त्यांनी स्त्रियांपुढे भाषण केले. गळाभर गळसऱ्या आणि कोपरापर्यंत कथलाचे दागिने ही अस्पृश्यपणाची खूण झाली आहे, ती टाका, असा त्या भाषणाचा आशय होता. या उपदेशाचा अर्थ दागिन्याचा द्वेष असा करता येणार नाही. घालायचेच तर सोन्याचे घाला, असेही त्यांनी सुचविले. त्यांचा प्रहार लादलेल्या ओळखीवर होता. आमच्या आयाबहिणींनी ते ओझे उतरविले तेव्हा त्यांनी मण्याचा त्याग केला नाही, हुकमाचा केला.

म्हणूनच, आज धातूच्या कड्या आणि काचमणी यांची माळ पाहून संकोचण्याचे कारण उरलेले नाही. चिमट्याने कडी उघडायची, तारेत ओवलेला मणी तिच्यात अडकवायचा, कडी पुन्हा सांधायची आणि हेच शेकडो वेळा करायचे, यात डोळ्यांचे आणि बोटांचे खरे कष्ट आहेत. सुया-पोत विकत गावोगाव फिरलेल्या वैदू स्त्रिया, शिरूर-दौंड भागात वस्त्या करून राहिलेला पारधी समाज, यांच्याकडे आपण अद्याप कोणत्या दृष्टीने पाहतो? ब्रिटिशांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांना जन्मतः गुन्हेगार ठरविले. तो कायदा १९५२ साली गेला, संशय मात्र गेला नाही. स्वतःच्या गळ्यातील खूण उतरविलेल्या समाजाने दुसऱ्याच्या कपाळावरील खूण मुकाट्याने पाहत राहावे, हे धम्माला धरून नाही.

आमची सूचना साधी आहे. विहारांतून, जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुकानांतून अशी हातची माळ विकली जाईल, तेव्हा ती करणाऱ्या स्त्रीचे नाव तिच्या संमतीने माळेसोबत लिहिले जावे आणि तिच्या श्रमाचे पुरते मोल तिच्या हाती पडावे. कान्हेरीच्या भिंतीवर मणिकाराला जे मिळाले, तेच तिलाही मिळाले पाहिजे.