शिकाऱ्याचा खांदा आणि दारूचे माप

शिकारसाहित्यावर लिहिताना जनावर, रान आणि शिकाऱ्याचे धैर्य यांची पुष्कळ चर्चा होते. बार उडाल्यावर शिकाऱ्याच्या खांद्याचे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी विचारतो. मोठ्या जनावरासाठी बनवलेली बंदूक दोन्ही बाजूंना मारते. तिच्या मागच्या माराचा इतिहास हा धैर्याच्या इतिहासाचाच झाकून ठेवलेला भाग आहे, असे आम्हांला वाटते.

फ्रेडरिक सेलू हा इंग्रज तरुण १८७१ साली दक्षिण आफ्रिकेत उतरला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. हत्तींसाठी त्याने घेतलेल्या ठासणीच्या बंदुका ‘फोर बोअर’ मापाच्या होत्या : एक पौंड शिशाच्या चार गोळ्या, म्हणजे एकेक गोळी सुमारे ११३ ग्रॅमची. दारू कातडी पिशवीतून मुठीने काढायची आणि नळीत ओतायची. एकदा बार उडाला नाही, नोकराने त्याच नळीत पुन्हा बार भरला, आणि पुढच्या वेळी चाप ओढताच सेलू उचलला जाऊन तोंडघशी वाळूत पडला. ‘अ हंटर्स वाँडरिंग्ज इन आफ्रिका’ (१८८१) या पुस्तकात त्याने मान्य केले आहे की, या बंदुकांच्या दणक्याने त्याच्या मनावर कायमचा परिणाम झाला व नेम बिघडला. त्या हाती धरल्याच नसत्या तर बरे झाले असते. भीती हत्तीची नव्हती, स्वतःच्याच बंदुकीची होती. शिकाऱ्याने अशी कबुली द्यावी, हे त्याने मारलेल्या हत्तींच्या संख्येपेक्षा आम्हांला अधिक मोलाचे वाटते. (चार वर्षांनी आलेल्या हॅगार्डच्या ‘किंग सॉलोमन्स माइन्स’मधील क्वाटरमेनमध्ये अनेकांना सेलूची सावली दिसते.)

सेलू मुठीने दारू मोजत होता, त्याच दशकात अमेरिकी सैन्याने हा प्रश्न तराजूवर ठेवला. १८७३ साली स्वीकारलेल्या .४५-७० रायफलीच्या काडतुसात ७० ग्रेन काळी दारू आणि ४०५ ग्रेनची गोळी असे. घोडदळाची कार्बाइन आखूड व हलकी. तोच बार तिच्यातून असह्य होई. म्हणून तिच्यासाठी गोळी तीच ठेवून दारू ५५ ग्रेनवर आणली आणि पुंगळीतली रिकामी जागा पुठ्ठ्याने भरली. कारण काळ्या दारूत पोकळी राहणे धोक्याचे.

पुढे बाहेरून टोपी बसवता येणारी पितळी पुंगळी आली आणि माप सामान्य शिकाऱ्याच्या हाती गेले. जॉन बार्लो यांच्या ‘आयडियल’ कंपनीची (१८८४) पकडीसारखी हत्यारे घेऊन माणूस स्वयंपाकघराच्या मेजावर काडतुसे भरू लागला. बंदुकीची मागे येण्याची ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून दारू थोडी घटवली, गोळी हलकी घेतली, तरी खांद्याला बराच आराम मिळतो. बंदुकांचे इतिहासकार वाढत्या ताकदीची वंशावळ सांगतात; या मेजावर चाललेला उलटा उद्योग त्यांना नोंदण्याजोगा वाटत नाही.

अर्थात ‘फुसका बार’ म्हणून त्याला हसण्याचे कारण नाही, आणि तो निर्धोक समजण्याचेही नाही. बिनधुराच्या दारूने नवाच पेच आणला : सावकाश जळणारी दारू मोठ्या पुंगळीत फार थोडी घातली, तर दाब कमी होण्याऐवजी कधीकधी अकस्मात वाढून बंदूकच फुटू शकते. म्हणूनच जाणता शिकारी सौम्य काडतुसासाठी वेगळी, झटपट जळणारी दारू निवडतो आणि छापील कोष्टकातल्या किमान आकड्याच्या खाली उतरत नाही.