खरी चांदी, खोटे साल

मंडळी, माणसाची पारख करायची झाली की आपण म्हणतो, "नाणं खणखणीत आहे हो!" ही बोली आपल्याकडे बाजारातून आली. चांदीचा रुपया दगडावर वाजवायचा, नाद ऐकायचा आणि मगच कनवटीला लावायचा, अशी रीत होती. तो रुपया आता व्यवहारात राहिला नाही. तरी पुष्कळ घरांत दोन-चार राणीछाप रुपये जपून ठेवलेले असतात. लक्ष्मीपूजनाला ते पाटावर मांडतात. आणि जत्रेत, बाजारात असेच रुपये "दुर्मिळ आहे, घेऊन ठेवा" म्हणून विकणारेही भेटतात. त्यातला खरा कोणता आणि खोटा कोणता? हे कळायला आधी थोडा इतिहास पाहावा लागेल.

पेशवाईच्या काळी रुपया एक नव्हता. अंकुशी होता, चांदवडी होता, आणखी कितीतरी होते. वजन वेगळे, कस वेगळा. म्हणून सराफ प्रत्येक रुपया पारखी आणि बट्टा कापून घेई. जुन्या रुपयांवर बारीक ठोकलेल्या खुणा दिसतात ना, त्या पुष्कळदा अशा पारखीच्याच असतात.

1835 साली कंपनी सरकारने आपल्या मुलखासाठी एकच रुपया ठरवला. वजन 180 ग्रेन, म्हणजे एक तोळा. आजच्या मापाने 11.66 ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी. हे वजन इतके नेमके, की 80 रुपयांच्या भाराला शेर म्हणू लागले. खोटे रुपये पाडणारे तेव्हाही होतेच. शिसे-पितळेवर चांदीचा मुलामा चढवून ते रुपया खपवीत. पण तो दगडावर टाकला की बद्द वाजे आणि पकडला जाई.

पुढे 1893 साली एक मोठा बदल झाला. तोवर कोणीही टांकसाळीत चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकत असे. जगात चांदीचा भाव घसरला, तेव्हा सरकारने ही सोय बंद केली. मग रुपयातली चांदी रुपयाहून स्वस्त पडू लागली. म्हणजे पुरी चांदी घालून खोटा रुपया पाडला, तरी वर नफा! नाद खरा, कस खरा, रुपया मात्र खोटा. इथे नुसता कान पुरेना.

1940 साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. खोट्या नाण्यांना आळा बसावा म्हणून किनारीच्या दात्यांमधून खाचही फिरवली. 1947 साली रुपया निकेलचा झाला आणि वाजवून घेण्याची रीत मागे पडली.

आता आजची गोष्ट. आजचा ठग चांदी विकत नाही, तो दुर्मिळपणा विकतो. 1939 सालचा रुपया फार थोडा सापडतो, 1938 चा मात्र सहज मिळतो. मग 1938 मधल्या आठाचा नऊ केला, की काम झाले. वाजवा, तोला, कसोटीवर घासा. सगळीकडे तो खराच ठरेल. म्हणून भिंग घेऊन शेवटचा आकडा पाहा. त्याच्याभोवती खरवडल्याच्या रेघा, बाकीच्या आकड्यांहून वेगळी ठेवण किंवा जोड दिसला, तर सावध व्हा.

1911 च्या रुपयाचेही तसेच. त्यावर राजाच्या अंगावरच्या साखळीतला हत्ती आखूड सोंडेमुळे डुकरासारखा दिसतो म्हणून लोक बिथरले. ठसा बदलावा लागला आणि 1912 च्या रुपयावर हत्तीची सोंड स्पष्ट आली. तेव्हा साल 1911 आणि हत्ती मात्र नीट सोंडेचा, असा रुपया पुढे आला तर तो हत्तीच साक्ष देतो.

राणीछाप रुपयालाही असा प्रश्न विचारता येतो. 1 जानेवारी 1877 रोजी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याचे जाहीर झाले. त्याआधीच्या रुपयावर 'क्वीन' हा शब्द, नंतरच्या रुपयावर 'एम्प्रेस'. 1862 साल आणि शब्द 'एम्प्रेस', असा रुपया कोणी दाखवला तर हात जोडून परत द्या. तीच गोष्ट कंपनीच्या नावाने 1818 साल घालून विकतात त्या राम-सीतेच्या नाण्यांची. कंपनीने अशी नाणी पाडलीच नाहीत. देवाची मूर्ती म्हणून ती खुशाल पूजेत ठेवा, पण दुर्मिळ नाणे म्हणून पैसे मोजू नका.

धातूची परीक्षा मात्र शाळेतही करता येते. गुरुजी, हा प्रयोग मुलांना जरूर दाखवा. बारीक वजनाच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवा आणि काटा शून्यावर आणा. रुपया दोऱ्याला बांधून, तळाला किंवा काठाला न टेकवता, पाण्यात पुरा बुडवा. 1939 पर्यंतच्या अस्सल रुपयाला काटा सुमारे 1.13 ग्रॅम दाखवील. रुपयाच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागा, उत्तर 10.3 च्या आसपास यावे. रुपया झिजला असला तरी हे उत्तर फारसे हलत नाही. निम्म्या चांदीच्या रुपयाचे साडेनऊच्या जवळ येते, पितळेचे साडेआठच्या आसपास. लोहचुंबकावर मात्र विसंबू नका. त्याला चांदी चिकटत नाही, तसे पितळही चिकटत नाही.

ओतीव नाणेही डोळ्यांनी ओळखू येते. त्यावर सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात, अक्षरे बोथट असतात, कधी किनारीवर साच्याची सांधरेघ दिसते. टांकसाळीच्या ठशाने पाडलेल्या नाण्याची अक्षरे रेखीव उठतात.

शेवटी दोन गोष्टी सांगतो. घरातले जुने रुपये चिंच-राखेने घासून लख्ख करू नका. घासलेल्या नाण्याचे मोल संग्राहकांत कमी होते. आणि कोणी दारात येऊन घाईने विकत देऊ लागला किंवा विकत मागू लागला, तर त्याला थांबवा. आधी साल वाचा, अक्षरे वाचा, किनार पाहा, मग तोला. ज्याचे नाणे खरे असेल, तो तेवढा वेळ नक्की थांबेल.